दोन दस्तगीर

आमच्या कुपवाडच्या फाउंड्रीत दोन दस्तगीर आहेत.
एक मुजावर, पॅटर्न शॉपचे सुपरवायझर,
चष्म्याची दोरी गळ्यात, बोलायला मोजके.
दुसरा मुलाणी, मोल्डिंगला,
भुवयांत काळी वाळू घेऊनच जन्मल्यासारखा.

मी 'दस्त' एवढंच टाइप केलं होतं.
पुढचं नाव कॉम्प्युटरनं आपणहून पुरं केलं
आणि मी एंटर दाबलं.
बाहेर हळदीचे ट्रक सांगलीकडं चालले होते,
खिडकीची जाळीसुद्धा पिवळी झाली होती,
मला शिंक आली होती बहुतेक.
शिंकेचं मी साहेबांना सांगितलं नाही.

पॅनची दहा अक्षरं, त्यातलं पाचवं आडनावाचं.
दोघांचंही एम.
म्हणून कुठंच लाल रेघ उठली नाही.
चार तिमाह्या
मुजावरांच्या पगारातून कापलेला कर
मुलाणीच्या नावावर जमा होत राहिला,
रात्री पाटाचं पाणी शेजारच्या वावरात फुटावं
आणि सकाळी दोघांनाही कळू नये, तसा.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मुजावर आले.
हातात नोटीस, चार घड्या घातलेली.
एकेचाळीस हजार तीनशे, वर व्याज.
"मॅडम, पगारपत्रकावर तर कापलेलं दिसतंय."
आवाज चढला नाही.
चढला असता तर बरं झालं असतं,
मला भांडता आलं असतं.

त्यांचा सव्वीस ए-एस उघडला.
रकाने धुऊन पालथ्या घातलेल्या ताटांसारखे.

चौगुले साहेब म्हणाले, दुरुस्ती विवरण भरा.
चूक कुणाचीही असो, खाली सही माझीच असते.
एवढं बोलून भट्टीकडं गेले.
मी मागून म्हटलं, व्याज माझ्या पगारातून कापा.
न वळता म्हणाले,
"कापू. पण या खेपेला बरोबर नावावर."

मुलाणीचं घर मिरजेत, दर्ग्याच्या मागच्या बोळात.
रिफंड गणपतीतच आला होता.
मुलीची नर्सिंगची फी भरून झाली होती,
उरलेल्यातून शिलाई मशीनला मोटार बसली होती.
त्याच्या बायकोनं मशीन चालवून दाखवलं मला,
मी कशाला आले ते सांगायच्या आधी.
मी दोन वेळा म्हटलं, छान चालतंय.

मग सांगितलं.

"चुकून का हुईना, सरकारनं आठवण काढली म्हटलं,"
मुलाणी म्हणाला. मग बराच वेळ काही नाही.
चहावर साय धरली.
"मुजावरभाईंना ठावं हाय?"
हो.
"काय म्हनले?"
म्हणाले, दस्तगीरला काही बोलू नका.

ते असं काहीच म्हणाले नव्हते.
ही माझी दुसरी चूक.
हिच्यासाठी पोर्टलवर रकाना नाही.

दुसऱ्या दिवशी पॅटर्न शॉपमध्ये जाऊन
मी मुजावरांना खरं ते सांगून टाकलं.
त्यांनी लाकडाचा भुसा फुंकला,
कोपऱ्याला पट्टी लावून बघितली.
"म्हणणारच होतो," म्हणाले,
"तुम्ही जरा घाई केली."

सरकारचे पैसे सरकारला परत जातील.
मुलाणीला कंपनीनं उचल दिलीय,
दरमहा दीड हजार कापायचे, तेही मीच.
त्याच्या ओळीला एक नवा रकाना आलाय,
त्याला काय नाव द्यावं सुचेना,
सध्या नुसतं 'इतर'.

दुरुस्ती विवरण पोचलं. पोर्टल म्हणतं, प्रक्रियेत.
सव्वा महिना झाला, प्रक्रियेत.

आज पुन्हा पगार काढायचे आहेत.
'दस्त' टाइप केलं की दोघंही खाली येऊन उभे राहतात,
एकाखाली एक, हजेरीला आल्यासारखे.
मी बोट उचलून घेते
आणि दहाही अक्षरं मोठ्यानं वाचते.
शिपाई तिप्पाण्णा दारातून विचारतो,
कुणाला हाक मारली का मॅडम?