तासाला दहा वेळा

बोटाची दोरी शिवली, सिव्हिलमध्ये म्हणाले.
मी म्हणालो, मग आता पडू दे गप्प.

गप्प पडली की चिकटते,
जमखंडी मॅडम म्हणाल्या.
जोर लावायचा नाही.
दुसऱ्या हातानं वाकवायचं, सोडायचं,
तासाला दहा वेळा.

हे मला कळायला हवं होतं.
खळ ओली राहिलेला ताणा
दोन दिवस मागावर नुसता उभा राहिला
की धागा शेजारच्याला धरून बसतो.
माग सुरू करा, दोन्ही तुटतात.

माझा डावा हात घाबरट.
म्हणून नरसव्वा मांडीवरचं सूप सरकवते,
पान कापायची कात्री खाली ठेवते,
आणि माझं बोट घेते
विडी वळावी तेवढ्याच दाबानं,
पान फाटू नये, तंबाखू सांडू नये.
ओकटी. रेंडू. मूडू.
बोटाला तिच्या जर्द्याचा वास लागलाय.

रात्री दीडला लाईट गेली.
साखर पेठेतले सगळे माग एकदम थांबले
आणि त्या शांततेनंच ती जागी झाली.
अंधारात हात चाचपला माझा.

हजार विड्यांत न चुकणारी
साताला अडली.
परत ओकटीपासून.