डावखुरा

या, आत या. बूट मात्र बाहेर काढा.
चौकातून आला असाल तर पुतळा पाहिलाच असेल,
उजवा हात उंच, बोट आभाळाकडे,
जणू वर कुणाकडे त्याची उधारी राहिलीये.
ब्लाझेय डावखुरा होता.
शिल्पकार आला होता विचारायला, मी सांगितलं त्याला.
त्यानं मान डोलावली, खसखशीच्या केकचे दोन तुकडे खाल्ले
आणि जाऊन त्याला हवा तसाच घडवला.

ही त्याची खोली. या खिडकीत बसून
तो नळीतला पारा बघत राहायचा.
आई ओरडायची, अरे मेंढ्या कोण आणणार?
तो म्हणायचा, थांब, पारा उतरतोय, येतील आपणहून.
यायच्याही, बहुतेक वेळा.
एकदा सात आल्याच नाहीत.
ते पुस्तकात नाही. मार मला बसला.

शाळेत मास्तरांची भाषा वेगळी, आमची वेगळी.
'वारा' हा शब्द घरचा निघाला तोंडातून
तर मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायचे, घंटा होईस्तोवर.
तो घरी आला गुडघ्यांवर खळगे घेऊन
आणि मोजले त्यानं. नऊ आणि अकरा.
रडला नाही, असं छापलंय.
रडला. माझ्या परकरात तोंड खुपसून रडला,
मग नाक पुसून विचारलं, झोफ्का,
कड्यावरून रात्री उतरतो त्या वाऱ्याला
आजोबा काय म्हणायचे गं?
तीच ही वही. हात लावू नका.
चौसष्ट शब्द वाऱ्याचे, एकेचाळीस बर्फाचे.
धुक्याचे फक्त तीन.

पुढचं तुम्हाला पाठ असेल:
पॅरिसमधले उपाशी हिवाळे,
वेधशाळेच्या कोळशाच्या खोलीतलं अंथरूण,
शिखरावरच्या अकरा रात्री,
बोटं गोठली म्हणून दातांनी फिरवलेली घड्याळाची किल्ली.
मग युद्ध, विमानं, सेनापतींच्या टेबलांवर त्याचे नकाशे,
आणि मग मंत्र्यांच्या दारोदार, टोपी हातात घेऊन,
देश मागत फिरणारा मेंढपाळाचा पोर.
मला पत्रं यायची ती अशी:
झोफ्का, मोजे पाठव, डावा आधी फाटतो.
झोफ्का, अंगणातल्या सफरचंदाला बहर कधी आला? तारीख लिही.
लिहायचे मी. कधी कधी अंदाजानं.
त्याच्या थोरल्या ग्रंथात माझ्या दोन खोट्या तारखा आहेत,
पान एकशे बारा.
विद्वान त्यांचे दाखले देतात.

देशाला दात यायचेही दिवस झाले नव्हते.
तार आली: रविवारी विमानानं येतो, आभाळ निरभ्र राहील.
आईनं आदल्या रात्रीच बटाटे किसले.
सकाळी नदीवरून धुकं चढलं,
आजोबांच्या तिसऱ्या शब्दाचं, न कातरलेल्या लोकरीसारखं.
अंगणात उभ्या राहून आम्ही आवाज ऐकला.
वरून गेला. वळला. पुन्हा वरून गेला.
आई म्हणाली, घंटा वाजवा गं कुणीतरी,
त्याला कळू दे आपण कुठे आहोत.
मी धावले.

कुणी म्हणतं शत्रूनं पाडलं, कुणी म्हणतं मित्रांनी.
दरवर्षी एखादा येतो, पेन्सिलीला टोक काढून.
मी म्हणते, धुकं. त्यांना ते आवडत नाही.
मी किती वेळ घंटा वाजवली, ठाऊक नाही.
बातमी घेऊन आलेला पोरगा
जिन्याखाली बराच वेळ उभा होता म्हणे,
माझ्या हातातून दोर सोडवायला धजला नाही.

तुमच्यात डावखुरं कोण आहे?
ती, मागची, लाल स्कार्फवाली? ये पुढे.
तू लाव वहीला हात.
ही ओळ बघ, पुसटली आहे ना?
लिहिता लिहिता तळवा फिरलाय त्याचा, ओल्या शाईवरून.
तुझंही असंच होत असेल.
बाकीच्यांनी सावकाश उतरा,
तिसरी पायरी मोडकी आहे.