वेबिल

मालवण डेपोतून सुटलो तेव्हा
शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं.
घड्याळ!
ज्याला आता एकही गाडी वेळेवर सोडायची नाही, त्याला.

सहा महिने घरातल्या वस्तू मोजल्या.
माडावरचे नारळ, पत्र्याचे खिळे,
बायको दिवसातून किती वेळा उसासते ते.
अंगठा रात्रीसुद्धा हलायचा,
पंच नसलेल्या मुठीत खट्‌ खट्‌.
ती म्हणाली, "भायर जावन बसा.
माझे उसासे मोजू नकात."

म्हणून खाडीच्या धक्क्यावर बसू लागलो.
सुकती लागली की बायका उतरायच्या,
मांडीभर पाणी ओलांडून मधल्या खडपावर,
कालवं फोडायला.
कोयता, घमेलं, कमरेला बांधलेली पिशवी.
मोजल्या. अकरा.
पाणी चढताना परतल्या. अकरा.
त्या रात्री अंगठा गप्प झोपला.

मग एक वही आणली, रकाने आखले:
उतरल्या. चढल्या.
पैशांचा रकाना आखलाच नाही.

भाद्रपदातली अमावस्या, पाणी नेहमीपेक्षा घाईत.
अकरा गेल्या, दहा आल्या.
पुन्हा मोजलं. दहा.
खडप बुडायला वीतभर उरलेलं.

बत्तीस वर्षांत एकच माणूस मागे सोडला होता मी.
आचरा तिठ्यावर लघवीला उतरलेला म्हातारा.
बेल मी दिली.
त्याची पिशवी देवगडपर्यंत आली माझ्या गाडीत.
पिशवीत औषधं होती.

शिट्टी खिशात असतेच माझ्या.
गाडी मागे घेताना फुंकायची तशी फुंकली.
आंतोन होडी घेऊन सुटला.
मी गुडघाभर पाण्यात, हाक मारायला तोंड उघडलं
आणि कळलं, नाव माहीत नाही.
आकडा तेवढा माहीत आहे.

अकरावी तिच्या चुलीपाशी होती.
डोकं दुखलं म्हणून देवळाकडच्या वाटेनं कधीच परतलेली.
शिट्टी ऐकून आली, चहाचा कप हातातच.
"माका मोजूक तुका कोणी सांगल्यान?
मी काय तुझ्या येष्टीतला पार्सल?"
सगळा धक्का हसला.
आंतोननं डिझेलचे पैसे मागितले. दिले.

दुसऱ्या दिवशी गेलो नाही.
तिसऱ्याही.
वही कपाटावर.
बायको उसासली, मी मोजलं नाही.

चौथ्या दिवशी, नीट उजाडलंही नव्हतं,
कुंपणाच्या चिऱ्यावर कोयता वाजला.
"सुकती लागली. येतलंस मां?
आणि आयक, आकडो लिवू नको.
नाव लिव. द्वारका तांडेल."
मागे अंधारात दहाजणी उभ्या,
कुणी हसत नव्हतं.

आता वहीत नावं आहेत.
द्वारका, इंदुमती, रोझलीन,
सुलभा कोयंडे, दुसरी सुलभा,
आणि कुणी पाहुणी आली तर तिचं गाव.
चुकली वाट धरायची तर आधी धक्क्यावर सांगून जातात,
शिव्या घालत, पण सांगून.

दिवाळीनंतर दुसऱ्या सुलभाचे गुडघे गेले.
उतरत नाही ती.
माझ्या शेजारी गोणपाट टाकून बसते.
ती डावीकडून मोजते, मी उजवीकडून.
कधी कधी जुळत नाही.
मग पुन्हा, पहिल्यापासून.