शेपटाकडची जागा

आमच्या लीगचा नियम आर्विडने केला,
एकोणीस वर्षांपूर्वी, बिअरच्या चौथ्या बाटलीनंतर,
आणि मार्लिसने तो कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून घेतला:
चिठ्ठ्या नाहीत, फासे नाहीत.
दहाही जणांनी सौनात बसायचं.
शेवटी बाहेर येईल तो ड्राफ्टमध्ये पहिला,
आधी बाहेर येईल तो दहावा.

डेट्रॉइटचा माझा साडू हे ऐकून हसतो.
हॅनकॉकमध्ये कोणी हसत नाही.
नोव्हेंबरात पडलेला बर्फ इथे एप्रिलातही दारात असतो,
ऊब सोसता येणं ही आमच्यात ऐपत समजतात.

मग गेल्या हिवाळ्यात डेनी काँगसने ठराव आणला:
प्रत्येक संघात एकाऐवजी दोन क्वार्टरबॅक.
नऊ विरुद्ध एक मतांनी मंजूर.
(तो एक म्हणजे एल्मर. तो जेवणालाही आधी नाही म्हणतो.)

मी शाळेची बस चालवतो.
मुलं उतरली की परतीच्या रिकाम्या फेरीत
आकडे मागच्या बाकांवर येऊन बसतात.
आमचा क्रम सापासारखा वळतो,
एक ते दहा जातो, दहापासून उलटा एकवर येतो.
पहिल्याला एक हिरा,
आणि नंतर अठरा नावं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत बसणं.
दहाव्याला लागोपाठ दोन.
बरे क्वार्टरबॅक यंदा बारा, फार तर तेरा,
आणि आमची माणसं सवयीची गुलाम,
पहिला हात धावणाऱ्यांवरच टाकतात.
जून महिनाभर मी हे उलटसुलट करून पाहिलं.
उत्तर एकच येत होतं: शेपूट.

पण शेपटाकडे बसायचं
म्हणजे नऊ जणांसमोर शेपूट घालायचं.

शिवाय आर्विड होता.
मार्चमध्ये त्याची छाती उघडून शिवली.
डॉक्टर म्हणाले सौना नाही, मार्लिस म्हणाली सौना नाही,
तो म्हणाला, नियम माझा आहे,
आणि येऊन नेहमीसारखा वरच्या फळीवर बसला,
छातीवरची गुलाबी रेघ जणू कोणी घाईत ओढलेली.
मी ठरवलं: आपण आधी उठू.
मग तो दुसरा उठला तर कोणी काही बोलणार नाही.
आधी आकडे सुचले की आधी आर्विड,
हे मला विचारू नका.

लाहती भावांतल्या थोरल्याने दगडांवर पळीभर पाणी ओतलं.
चर्र झालं. वाफ कानांच्या पाळ्यांना चावली.
एल्मर डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता, बहुधा नाही, नाही.
चार मिनिटं झाली असतील.
मी उठलो, वाफेत चाचपडत कडीकडे हात नेला,
तर कडीवर आधीच एक हात.
थंड नव्हता, पण हलका, दवाखान्यातून आलेला.

बाहेर पायरीवर आम्ही शेजारी बसलो.
खिडकीत मार्लिसने घड्याळ पाहून लिहिलं:
आर्विड, दहावा. वेंडल, नववा.
"हृदयासाठी उठलो असं वाटलं ना तुला?"
मी गप्प.
"तीन आठवडे छताकडे बघत पडलो होतो, पोरा.
दहा, अकरा. दोन्ही माझे.
तुला आता नऊ, आणि मग माझं उष्टं."

मी इतका हसलो की आतून कोणीतरी दारावर थाप मारली.
अतिशहाण्याचा बैल रिकामा म्हणतात,
माझा तर बैलच दुसऱ्याने नेला.

कालव्यावर उजेड कमी होत होता.
पुलाचा मधला भाग एका उशिराच्या होडीसाठी वर गेला, खाली आला.
आर्विडचा डावा हात टॉवेलखाली होता,
छातीपाशी,
आणि ओठ हलत होते, मोजत असल्यासारखे.
क्वार्टरबॅक मोजतोय की आणखी काही,
मी विचारलं नाही.
त्यानेही माझ्याकडे पाहिलं नाही.

आत एल्मर खोकला.
अजून आठ जण बाकी होते.