होल्डर

गुरुवारी रात्री, रुवीच्या थिएटरात
साडेतीन रियालचं तिकीट.
आरोकियादास इस्त्रीच्या शर्टात,
मी सबटायटलांच्या भरवशावर.

एका लाथेत अकरा माणसं उडाली,
त्यानं शिटी मारली.
मेलेला भाऊ मध्यंतरानंतर परत आला,
तेही चालवून घेतलं.

मग हिरो वेल्डिंगला बसला.
काच नाही, हातमोजे नाहीत,
होल्डर धरलेला टूथब्रशसारखा,
ठिणग्या उडतायत
आणि हा हिरॉइनकडे बघत हसतोय.

शिटी तोंडातच राहिली.

काच चुकली की रात्रभर डोळ्यांवर
बटाट्याच्या चकत्या ठेवून पडणारा हा माणूस
बस येईपर्यंत गप्प.
मग खिडकीशी बसून म्हणाला,
"चौदा साल से करता मैं.
एक बार
पूछना था ना किसीको."