बारीक वाळू

लक्ष्मीपुरीत इम्तियाज बागवानच्या दुकानात
सगळे गोल्डफिशकडं बघत होते.
मी वाकलो, टाकीच्या तळाशी.
तिथं सहा जण वाळूत तोंड खुपसून
कामाला लागलेले, डोकं वर नाही.
ओळखीचे वाटले.

"कोरी म्हणतात, काका. एकटा न्यायचा नाही,
एकटा पडला की खात नाही, कोपरा धरून बसतो.
आणि रंगीत खडे नकोत. मिशा झिजतात."

इंदू म्हणाली, "शिंगटीच की ही!
आमच्या आजोळी कालवण करायचे हिचं.
एवढ्याशा जिवात खायचं काय?"
मग चष्मा लावून टाकीपुढं बसली,
मालिका संपली तरी उठली नाही.

वाळू मी चाळली.
एकतीस वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत दुसरं केलं काय?
ओली, सुकी, काळी, जळकी,
मुठीत आवळून सोडली की
बोटांचे ठसे धरणारी, न धरणारी.
तीन चाळण्या, सात बादल्या,
पाणी निवळ येईस्तोवर.
बाळू नेजकर म्हणायचा, वाळू गप बसत नाही,
कास्टिंग फुटलं की सगळं सांगते.
बाळू परवाच्या श्रावणात गेला. छातीनंच.

ह्यांच्या अंगावर खवले नाहीत, पत्रे आहेत,
एकावर एक, दोन रांगांत,
हुपरीच्या कारागिरानं जोडावेत तसे.
सांध्यात फट नाही.
एवढं चिलखत घालून करतात काय,
तर दिवसभर जमीन झाडतात.
वाळू तोंडानं घेतात, कल्ल्यांतून सोडून देतात.
आत काही राहत नाही.

हे मी फार वेळ बघतो.

सीपीआरच्या डॉक्टरनं फिल्म उजेडाला धरली,
दोन्हीकडं पांढरे ठिपके, कणी सांडल्यासारखे.
"काम काय करत होता?"
"वाळूचं."
त्यानं लिहून घेतलं.

रात्री अडीचला धाप लागते.
तीन उशांना टेकून बसतो, टाकीचा दिवा बंद,
रस्त्यावरचा उजेड पाण्यात थोडासा.
तेवढ्यात एक जण तळ सोडतो,
सुसाट सरळ वर,
एक घोट हवा,
आणि परत खाली, झाडायला.
पहिल्यांदा बघितलं तेव्हा घाबरून
सकाळी सहाला फोन लावला.
"काही नाही हो काका, जातच तशी.
हवा गिळतात. पोटानं श्वास घेतात."
पोटानं.
मी दुसऱ्या कुशीवर वळलो, जमतंय का बघायला.

बादली आता मला उचलत नाही.
रविवारी स्वरांगीनं पाणी बदललं,
नळ गेला म्हणून राहिलेलं माठातलं ओतलं, गारेगार.
मी ओरडलो. ती रुसली.
सोमवारी काचेवर अंडी,
साबुदाण्याएवढी, चिकटून, घोळक्याघोळक्यानं.
"आजोबा, तो बघा, डोळा मारतोय मला!"
खरंच मारत होता.

मोजायला लागलो. चाळिसाला दम संपला,
पुढची तिनं मोजली.

इम्तियाज म्हणाला, लगेच काढा, आईबापच खातात.
जुनं एटीएम कार्ड घ्या, अलगद खरवडा.
एटीएम कार्ड इंदूच्या पर्समध्ये,
इंदू भाजीला.
कपाटात हात घातला तर कंपनीचं ओळखपत्र लागलं,
कडेला गुळगुळीत झालेलं.
त्यानंच काढली एकेक,
श्रीखंडाच्या धुतलेल्या डब्यात सोडली,
वरून हवेची नळी.

कार्ड पुसून खिडकीत वाळत ठेवलंय.
फोटोत मी सत्तावीसचा,
छाती फुगवून बसलेला,
मिशा काळ्याभोर.