हातचा

सव्वीस वर्षं मी दिवाघराच्या खिडकीत बसले.
बितोमच्या खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाला
दिवा द्यायचा, त्याचा पितळी बिल्ला ठेवून घ्यायचा,
आणि म्हणायचं, "जपून."
हे नियमात नव्हतं, माझ्या पदरचं.
नावं राहायची नाहीत डोक्यात. नंबर राहायचे.
नऊशे बारा: तंबाखूचा वास, डावं बोट तुटलेलं.
चारशे चार: सासूविरुद्ध रोज ताजी तक्रार.

खाण बंद झाली.
रोजगार कार्यालयातल्या मुलीनं माझा अर्ज
दोनदा वाचला नि विचारलं,
"त्रूदाबाई, संगणक?"
म्हटलं, "पुसता येतो."

आता त्याच दिवाघरात वर्ग भरतो.
मांडण्या काढल्या, भिंतीवर त्यांचे फिके चौकोन उरलेत.
त्याखाली आम्ही सहाजण,
आणि शिकवायला इग्नात्सी, वय तेवीस.
माझ्या धाकट्याच्या वर्गात होता, नाक सतत वाहायचं.

"रकाने उभे, ओळी आडव्या," तो सांगतो.
मी म्हणते, "म्हणजे खाणीची विहीर आणि बोगदे."
तो हसत नाही.
त्याचे आजोबा सातशे मीटरवर काम करायचे.

पहिल्याच आठवड्यात माझे आकडे गेले.
रकानाभर नुसती कुंपणंच कुंपणं.
चटका बसल्यासारखा मी हात मागे घेतला.
"आकडा तिथेच आहे," इग्नात्सी म्हणाला,
"फक्त जागा पुरत नाहीये त्याला. रकाना ओढा."
ओढला. चार लाख बारा हजार सुखरूप बाहेर.
माझ्या नवऱ्यालाही कुणीतरी
असं थोडं ओढून रुंद करायला हवं होतं.

डॉलरचं चिन्ह म्हणजे खिळा:
सूत्र कुठेही न्या, खिळलेलं घर हलत नाही.
कोपरा धरून खाली खेचलं
की एका ओळीचं शहाणपण दोनशे ओळींना.
आणि बेरीज!
कागदाच्या कडेला बारीक अक्षरात
हातचा एक, हातचे दोन,
जन्मभर लिहीत आले मी.
इथे हातचा नसतो.
मशीन स्वतःच्या हातात काही ठेवत नाही.

गुरुवारी शोधायचं सूत्र आलं.
एका पानावर नंबर, दुसऱ्यावर नावं,
नंबर टाकला की नाव समोर हजर.
यादी सरावापुरती, एक ते पाचशे.
माझ्या बोटांनी मला विचारलं नाही.
सहाशे एकोणचाळीस.

सापडत नाही, असं उत्तर आलं.

तेव्हाही फेब्रुवारीच होता.
अडतीस दिवे दिले, सदतीस परत आले.
तीनदा मोजले.
पहाटे मुकादम म्हणाला, खिडकी लाव आता, त्रूदा.
माझ्या मुठीत बिल्ला गरम झाला होता.

इग्नात्सी मागून वाकला.
"ही चूक लपवता येते.
सूत्राभोवती आणखी एक सूत्र गुंडाळा,
मग तिथे काहीही दाखवा. शून्य, रेघ, रिकामं."
"आणि नाही लपवली तर?"
तो पडद्याकडे बघत राहिला.
"तर खालची बेरीज अडून राहते."
म्हटलं, "राहू दे. आजच्यापुरती."

एप्रिलपासून मी ग्लिवित्सेला,
खिडक्या बनवणाऱ्या कारखान्याच्या कचेरीत.
काचा, चौकटी, बिजागऱ्या, किती आल्या, किती गेल्या.
वरची ओळ गोठवून ठेवली आहे,
कितीही खाली उतरले तरी मथळे डोक्यावर.
शेजारची पोरगी परवा विचारत होती,
हे सूत्र घातलंस कसं?
मी सांगितलं. दोनदा, सावकाश, इग्नात्सीसारखं.

पाच वाजता सगळे निघतात.
मी दाराशी कोट चढवत मोजते.
सकाळी अकरा आले होते.
आठ. नऊ. दहा.

दहा.

मग संडासात पाणी सोडल्याचा आवाज येतो.
थांबते, त्याला जाऊ देते,
"जपून," म्हणते,
आणि दिवा मालवते.